आधी परतीची वाट

ऑगस्ट १९४५ मध्ये पर्ल हार्बरला काढलेला एक फोटो आहे. ‘बार्ब’ या अमेरिकन पाणबुडीवरचे काही जण आपल्या युद्धध्वजासोबत कॅमेऱ्यासमोर आले आहेत. त्या काळच्या अमेरिकन पाणबुड्यांवर असे ध्वज हौसेनं शिवले जात. बुडवलेल्या जहाजांसाठी छोटी जपानी निशाणं लागत, मिळालेल्या पदकांच्या पट्ट्या लागत. ‘बार्ब’च्या ध्वजावरही हे सगळं आहे. पण तळाशी, अगदी मध्यावर, एक आगगाडी काढलेली आहे. फोटोतले आठ जण म्हणजे ती गाडी उडवायला शत्रूच्या किनाऱ्यावर उतरलेली तुकडी.

त्यांचा कप्तान होता यूजीन फ्लकी. जन्म १९१३चा, वॉशिंग्टनचा. ॲनापोलिसच्या नौदल अकादमीतून १९३५ मध्ये बाहेर पडलेला. एप्रिल १९४४च्या अखेरीस ‘बार्ब’ त्याच्या ताब्यात आली आणि युद्ध संपेपर्यंत त्यानं तिच्यावर पाच मोहिमा केल्या. त्याला एक मेडल ऑफ ऑनर आणि चार नेव्ही क्रॉस मिळाले. या माणसावर लिहिणारे बहुतेक जण पदकं मोजत बसतात, नाहीतर आगगाडीचा किस्सा सांगून मोकळे होतात. दोन्ही गोष्टी खऱ्याच आहेत, पण त्यांत फ्लकीच्या शौर्याची चव येत नाही. ती यायला त्याच्या दोन-तीन रात्री सावकाश वाचाव्या लागतात.

दुसऱ्या महायुद्धात सात अमेरिकन पाणबुडी अधिकाऱ्यांना मेडल ऑफ ऑनर मिळालं, त्यांतल्या तिघांना मरणोत्तर. त्या तिघांपैकी हॉवर्ड गिलमोर हे नाव पाणबुडीवाल्यांच्या तोंडी कायम असतं. फेब्रुवारी १९४३ मध्ये त्याची ‘ग्राउलर’ रात्रीच्या अंधारात एका जपानी जहाजावर आदळली. समोरून मशीनगनचा मारा सुरू झाला, ब्रिजवर माणसं पडली. गिलमोर स्वतः जखमी झाला. त्यानं बाकीच्यांना खाली पाठवलं आणि आपण वर असतानाच पाणबुडी बुडीत न्यायचा हुकूम दिला. खालच्या अधिकाऱ्यानं तो पाळला. ‘ग्राउलर’ वाचली, गिलमोर समुद्रात राहिला. या प्रसंगावर भाष्य करायची गरजच पडत नाही. ऐकणारा ऐकताक्षणी गप्प होतो.

फ्लकीचं तसं नाही. तो जगला, चांगला त्र्याण्णव वर्षं जगला. त्याच्या गोष्टीत कुणी स्वतःला झोकून देत नाही. त्यामुळे त्याचं धाडस वरवर वाचणाऱ्याला नशिबाचा खेळ वाटतं, आणि त्याच्या आडनावाशी यमक जुळवून त्याला ‘लकी’ म्हणणारे तेव्हाही होतेच. मला हे नाव त्याच्यावर अन्याय करणारं वाटतं. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात वीररसाची कारणं सांगितली आहेत. त्या यादीत बळ आणि पराक्रम नंतर येतात. सुरुवातीला येतो असंमोह, म्हणजे बुद्धी गोंधळू न देणं, आणि त्यामागोमाग अध्यवसाय, म्हणजे निश्चय धरून ठेवणं. फ्लकी वाचताना ही यादी सारखी आठवते. त्याच्याकडे सगळं त्याच क्रमानं येतं.

त्याच्या मेडल ऑफ ऑनरचं मानपत्र घ्या. सरकारी मजकूर आहे, विशेषणांनी जड झालेला. पण एका ठिकाणी लिहिणाऱ्यानं, कळत असो वा नकळत, फ्लकीच्या मनाचा क्रम अचूक पकडला आहे. मानपत्र आधी सांगतं की चीनच्या किनाऱ्यावर नामक्वान बंदराच्या पाण्यात त्याला नांगरलेली तीसहून जास्त जहाजं सापडली. लगेच पुढे येतं, की इथून सुखरूप बाहेर पडायचं तर नकाशात नीट न नोंदलेल्या, सुरुंग पेरलेल्या, खडकाळ पाण्यातून पुरा एक तास पूर्ण वेगानं धावावं लागेल याची त्याला पक्की जाणीव होती. आणि मग हल्ल्याचा हुकूम. म्हणजे पाणतीर सुटण्याच्या आधी त्या कागदावर परतीचा हिशेब लिहिलेला आहे. पदकांच्या मानपत्रांत सहसा शूर माणूस पुढचं-मागचं न पाहता तुटून पडतो. इथे तो मागचं आधी पाहतो.

तो तास काय होता हे समजून घेतलं पाहिजे. तारीख २३ जानेवारी १९४५, वेळ पहाटेची. मानपत्रानुसार ‘बार्ब’ पाच वाव पाण्यात होती. पाच वाव म्हणजे तीस फूट. ३११ फूट लांबीची ही पाणबुडी तेवढ्या पाण्यात बुडी मारूच शकत नाही. पाणबुडीचं सगळं सामर्थ्य दिसेनासं होण्यात असतं आणि इथे ते सामर्थ्य त्यानं आपणहून बाहेर ठेवलं होतं. बुडी घेण्याजोगं पाणी, म्हणजे वीस वावांची रेषा, तासाभराच्या अंतरावर. तोवर ती एक पातळ पत्र्याची, उघडी, लांबलचक होडी. जपानी रक्षक जहाजांच्या तोफेचा एक गोळा तिच्या मुख्य सांगाड्याला भोक पाडायला पुरला असता, आणि भोक पडलेली पाणबुडी पुढे खोल पाणी मिळालं तरी बुडी घेऊ शकत नाही.

मग तो आत शिरलाच कशाला? इथे त्याच्या बुद्धीचं काम दिसतं. त्या महिन्यात जपानी काफिले नेहमीच्या वाटांवरून नाहीसे झाले होते. फ्लकीनं निष्कर्ष काढला, की ते दिवसा किनाऱ्याला चिकटून चालतात आणि रात्री कुठल्यातरी खाडीत नांगर टाकतात. किनाऱ्याला चिकटून शोधायचं तर मासेमारीच्या शेकडो चिनी जंक होड्या आडव्या येणार. त्यानं त्यांचाच आडोसा केला. शत्रूच्या रडारवर होड्यांच्या गर्दीत एक ठिपका जास्त दिसला तर कोण ओळखणार? परतीसाठी त्यानं मुद्दाम खडकाळ भाग निवडला, कारण जी वाट आपल्याला धोक्याची ती पाठलागावर येणाऱ्यालाही धोक्याची. पाठलाग करणाऱ्याला खडक टाळायचे होते आणि होड्याही. एकाच गोष्टीची भीती त्यानं अशी दोन्ही पारड्यांत टाकून पाहिली, तेव्हा त्याचं पारडं हलकं निघालं.

पुढच्या नळ्यांतून चार पाणतीर सुटले. पाणबुडी वळवून मागच्या नळ्यांतून आणखी चार. नांगरलेली जहाजं रांगांनी एकमेकांआड उभी होती, त्यामुळे एकाला चुकलेला पाणतीर मागच्याला लागणार हेही त्यानं धरून ठेवलं होतं. अंतर तीन हजार यार्ड. दारूगोळ्याचं एक मोठं जहाज स्फोटानं उडालं आणि त्यातले गोळे चहूकडे फुटत राहिले. तोवर ‘बार्ब’ इंजिनं ठरलेल्या मर्यादेपलीकडे ताणून खडकांतून बाहेर धावत होती. मागून येणाऱ्या तोफांनी होड्यांच्या गर्दीवर मारा केला. त्या होड्यांतल्या चिनी कोळ्यांचं काय झालं, हा प्रश्न या गोष्टीच्या कडेला उभा राहतो, आणि फ्लकीच्या चाहत्यानंही तो तिथून हलवू नये. आडोसा माणसांचा होता.

आता आकड्यांचं. मानपत्र म्हणतं, सहा लक्ष्यांवर आठ अचूक मारे. युद्धानंतर अमेरिकेनं जपानी नोंदी तपासून जी यादी केली, तिच्यात नामक्वानपुरतं ‘बार्ब’च्या नावावर एकच जहाज आहे, ५,२४४ टनांचं ‘ताइक्यो मारू’. हा फरक पाहून काही जणांना फ्लकी फुगवलेला वाटतो. पण ही यादी करणाऱ्या समितीनं फक्त बुडालेली जहाजं मोजली, व्यापारी जहाजांत पाचशे टनांखालची सोडून दिली, आणि नुसती मोडलेली, जळालेली तिच्या हिशेबात येतच नाहीत. याच कडक यादीत फ्लकीच्या नावावर एकूण सव्वासोळाहून थोडी जास्त जहाजं आणि ९५ हजारांहून जास्त टन जमा आहेत, आणि टनांच्या हिशेबात त्याच्या पुढे एकही अमेरिकन पाणबुडी कप्तान नाही. फ्लकी स्वतः मात्र आपला आकडा यापेक्षा बराच मोठा सांगत राहिला. मला त्या वादात रस नाही. एक जहाज बुडालं असो वा सहा, तीस फूट पाण्यातला तो तास तेवढाच लांब होता.

नामक्वानच्या चार महिने आधीची एक रात्र मला त्याहून मोलाची वाटते. तिच्याबद्दल त्याला मेडल ऑफ ऑनर मिळालेलं नाही.

१२ सप्टेंबर १९४४ला ‘सीलायन’ या अमेरिकन पाणबुडीनं दक्षिण चीन समुद्रात ‘राकुयो मारू’ हे जपानी जहाज बुडवलं. त्यात तेराशेच्या वर ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन युद्धकैदी होते. ब्रह्मदेश–सयाम रेल्वेच्या वेठीला जुंपलेले, त्यातून जगलेले, आणि आता जपानला नेले जाणारे. जहाजावर तशी काही खूण नव्हती. पाणबुडीवर कुणालाच कल्पना नव्हती. तीन दिवसांनी ‘पँपॅनिटो’ला तेलानं माखलेली माणसं ओंडक्यांना धरून तरंगताना दिसली, ती इंग्रजीत हाका मारू लागली तेव्हा सगळा प्रकार कळला. ‘पँपॅनिटो’ आणि ‘सीलायन’ यांनी मावतील तेवढी माणसं आत घेतली आणि मदतीची हाक गेली. ‘बार्ब’ आणि ‘क्वीनफिश’ साडेचारशे मैलांवर होत्या.

त्या निघाल्या. वाटेत, १६ सप्टेंबरच्या रात्री, समोर काफिला आला. काफिल्यात विमानवाहू ‘उन्यो’ होती. फ्लकीपुढे दोन कर्तव्यं उभी राहिली आणि दोन्ही निकडीची. थांबून लढावं तर पाण्यातली माणसं मरतात, न लढता जावं तर विमानवाहू जहाज सुटतं, ज्यासाठी पाणबुडीचा कप्तान आयुष्यभर वाट पाहतो. त्यानं झटपट निकाल लावायचं ठरवलं. तेलवाहू ‘अझुसा मारू’ आणि तिच्यामागची ‘उन्यो’ एका रेषेत येतील अशा जागी ‘बार्ब’ आणली आणि पुढच्या सहाही नळ्या एकदम सोडल्या. दोन्ही जहाजं बुडाली. एक रक्षक जहाज अंगावर धावून आलं, तेव्हा मागच्या नळ्या वापरायचा मोह सोडून त्यानं बुडी घेतली. हा मोह सोडणं वाचकाच्या सहज नजरेतून सुटतं. आणखी चार पाणतीर, आणखी एखादं जहाज, आणि कदाचित मोडलेली पाणबुडी. मोडलेली पाणबुडी कैद्यांपर्यंत पोचत नाही.

दुसऱ्या दिवशी, १७ सप्टेंबरला, ‘राकुयो मारू’ बुडालं होतं त्या पाण्यात ‘बार्ब’ पोचली. माणसं पाच दिवस समुद्रात होती. वादळ चालून येत होतं. एकेक ओंडका, एकेक तराफा शोधत ‘बार्ब’नं चौदा जणांना वर घेतलं, ‘क्वीनफिश’नं अठरा. चारही पाणबुड्यांनी मिळून वाचवलेले १५९. विमानवाहू जहाज बुडवणाऱ्या हातांनी दुसऱ्या दिवशी लाटांवर हेलकावणाऱ्या डेकवरून तेलानं निसरड्या झालेल्या, हाडांवर कातडं उरलेल्या माणसांना ओढून घेतलं. वीर आणि करुण हे दोन रस इतके जवळ, चोवीस तासांच्या आत, एकाच डेकवर आलेले मी युद्धकथांत क्वचित पाहिले आहेत. त्यातलं सगळ्यात कठीण सत्य असं, की ही माणसं पाण्यात पडली ती आपल्याच बाजूच्या पाणतीरानं. फ्लकीच्या लिखाणात या गोष्टीची टोचणी आहे आणि ती त्यानं लपवलेली नाही. उलट त्या चौदा जणांविषयी लिहिताना एरवी खुशीत चालणारी त्याची लेखणी जड होते.

मग आगगाडी. जून-जुलै १९४५, फ्लकीची पाचवी आणि शेवटची मोहीम. चार मोहिमांनंतर कप्तानाला सहसा किनाऱ्यावर आणत. यानं पाचवी मागून घेतली. जहाजं आता फारशी उरली नव्हती. काराफुतोच्या, म्हणजे साखालिन बेटाच्या जपानी भागाच्या पूर्व किनाऱ्यालगत रेल्वेचा मार्ग होता आणि त्यावरून माल जाताना पेरिस्कोपमधून दिसे. गाडी उडवायची कल्पना निघाली, पण अडचण तिथेच होती जिथे फ्लकीचं मन नेहमी आधी जाई: स्फोट करणाऱ्याला रुळाशेजारी थांबावं लागेल, आणि थांबलेला माणूस परत येणार नाही. त्यानं कल्पना बाजूला ठेवली.

तोडगा काढला बिली हॅटफील्ड या इलेक्ट्रिशियननं. लहानपणी तो रुळाखाली, दोन स्लीपरांच्या मधल्या फटीत अक्रोड ठेवायचा. गाडी गेली की रूळ वजनानं किंचित दबतो आणि अक्रोड फुटतो. अक्रोडाच्या जागी स्विच ठेवला तर गाडी आपणच आपला स्फोट करील, आणि तोवर माणसं होडीत बसून निघालेली असतील. स्फोटक होतं ५५ पौंडांचं. एरवी ते, पाणबुडी शत्रूच्या हाती लागायची वेळ आली तर तिला आपणच बुडवायला ठेवलेलं असे.

जायला सगळेच तयार होते, ‘बार्ब’वरचा एक जपानी कैदीसुद्धा. फ्लकीनं निवडीच्या अटी घातल्या आणि त्या अटी मला त्याच्या कुठल्याही हल्ल्याइतक्याच बोलक्या वाटतात. लग्न झालेला शक्यतो नको. पाणबुडीतल्या निरनिराळ्या विभागांतून माणसं हवीत. कायम नोकरीतले आणि राखीव दलातले, दोन्ही हवेत. आणि निम्मे तरी बालपणी बॉय स्काउट असावेत, कारण स्काउटला जखम बांधता येते आणि रानात तग धरता येते. पहिल्या अटीत घरी वाट पाहणाऱ्यांचा विचार आहे, शेवटच्या अटीत मागे राहावं लागलं तर काय, याचा. निघताना त्यानं सांगितलं, अडकलात तर डोंगररांग धरून उत्तरेला सायबेरियाकडे चालत जा. त्याला स्वतःला जायचं होतं, पण कप्तानानं पाणबुडी सोडून जाणं कुणालाच मान्य झालं नाही.

२३ जुलैच्या मध्यरात्रीनंतर, ढग भरून आल्यावर, ‘बार्ब’ किनाऱ्यापासून हजार यार्डांच्या आत आली आणि आठ जण रबरी होड्यांत उतरले. रुळाजवळचा एक मनोरा पाण्याच्या टाकीचा समजून एक जण शिडी चढला, तर वर पहारेकरी झोपलेला. चढणारा तसाच खाली उतरला. खणताना एक गाडी धडधडत गेली. सगळे झुडपांत आडवे. मग हॅटफील्डनं स्विच जोडला. बाकीच्यांनी मागे थांबायचं होतं, पण चुकीची जोडणी झाली तर आपणही बघितलेली बरी म्हणून ते त्याच्या खांद्यावरून वाकून पाहत राहिले. हे वाचताना श्वास अडकतो आणि त्या पोरांवर जीवही जडतो. होड्या निम्म्या वाटेत असताना दुसरी गाडी ऐकू आली. फ्लकीनं भोंग्यातून ओरडून वल्ही मारायला सांगितलं. १ वाजून ४७ मिनिटांनी गाडी उडाली. पाच मिनिटांत आठही जण डेकवर होते.

त्या गाडीच्या इंजिनात माणसं होती. हा प्रसंग गमतीनं सांगितला जातो तेव्हा त्यांचा उल्लेख होत नाही. मला तो करावासा वाटतो, कारण फ्लकीच्या हिशेबाची धारही त्यामुळेच कळते. युद्ध हे मारण्याचं काम आहे हे त्यानं कधी नाकारलं नाही. आपल्या बाजूचं मरण मात्र कुणाच्या शौर्याची खूण म्हणून खर्च करायचं नाही, इतकं त्यानं ठरवलं होतं. अमेरिकन पाणबुडी दलानं त्या युद्धात ५२ पाणबुड्या आणि सुमारे साडेतीन हजार माणसं गमावली. लढाईवर गेलेल्या पाचांतला एक परतला नाही. अशा दलात फ्लकीच्या पाच मोहिमांत जखमी किंवा मृत सैनिकाला दिलं जाणारं पर्पल हार्ट एकालाही मिळालं नाही, आणि आपल्याला सगळ्यात जास्त अभिमान याचाच आहे असं तो म्हणे. त्याच्या ध्वजावरची सगळी चिन्हं मिळवलेल्या गोष्टींची आहेत; ही न मिळालेली गोष्ट तिथे शिवता आली नसती.

त्याचं ‘थंडर बिलो!’ हे पुस्तक १९९२ मध्ये आलं, घटनांनंतर जवळजवळ अर्ध्या शतकानं. मोहिमांचे अधिकृत अहवाल त्याच्याकडे होते, शिवाय एका खलाशानं नियम मोडून गुपचूप ठेवलेली रोजनिशीही. त्यामुळे तारखा, अंतरं, वेळा यांत पुस्तक भक्कम आहे. दोष आहेत. संवाद इतके सफाईदार आहेत, की ते पन्नास वर्षांत घासून गुळगुळीत झाले असावेत. आपल्या यशाचे आकडे मांडताना लेखक प्रतिपक्षाच्या नोंदींना पुरेसं ऐकून घेत नाही. पण माणसांची नावं तो विसरत नाही. स्वयंपाकी, सिग्नलवाला, इंजिनवाला, प्रत्येक जण आपल्या नावानं येतो आणि कुठल्यातरी प्रसंगात आपल्या डोक्यानं काहीतरी सुचवून जातो. कप्तानानं ऐकून घेतलं नसतं तर अक्रोडाची गोष्ट हॅटफील्डच्या लहानपणीच राहिली असती.

पुस्तक हाती पडलं तर बहुतेक वाचक थेट आगगाडीवर जातील. तसं करू नये. सप्टेंबर १९४४पासून सुरुवात करावी, कैदी डेकवर येईपर्यंत सलग वाचावं, आणि मग जानेवारीतल्या नामक्वानकडे जावं. पाण्यातून माणसं ओढून घेतलेला कप्तान चार महिन्यांनी आपल्या ऐंशीएक माणसांना घेऊन तीस फूट पाण्यात का शिरतो आणि शिरण्याआधी बाहेरची वाट इतकी बारकाईनं का मोजतो, हे त्या क्रमानं वाचलं तरच नीट उमगतं. आगगाडीचं प्रकरण शेवटी येतं, ते शेवटीच वाचावं.